एफडीवरच्या कार्डावरून विनातारण कार्डाकडे: बेळगाव भागातले एक प्रकरण

येळ्ळूरला राहणारा, उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये सीएनसी सेटर असलेला २८ वर्षांचा तरुण. पगार २६,५००, पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता दर महिन्याच्या ७ तारखेला खात्यावर साधारण २४,५०० जमा होतात. अंगावर कर्ज नाही. तरीही पंधरा दिवसांत तीन बँकांकडे ऑनलाइन केलेले क्रेडिट कार्डाचे तीनही अर्ज फेटाळले गेले. हा तरुण काल्पनिक आहे आणि त्याचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. त्याच्या अडचणी मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नेहमी दिसणाऱ्या आहेत.

कर्ज फेडले, पण नोंद कुठेच नाही

पाच वर्षांपूर्वी त्याने गावातल्या सौहार्द सोसायटीकडून मोटरसायकलसाठी ६०,००० रुपये घेतले होते. २४ हप्ते वेळेवर भरले, कर्ज मिटले. अर्ज फेटाळल्यावर तो सोसायटीत गेला, तेव्हा तिथल्या क्लार्कने आपुलकीने सांगितले, "फिटलंय की तुझं कर्ज. शिक्का मारून दाखला देतो, दे नेऊन बँकेत." दाखला खरा होता, पण बँकेच्या कार्ड विभागात तो वाचणारे कोणी नसते. तिथे अर्ज आला की पॅनवरून क्रेडिट ब्युरोचा, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल मागवला जातो आणि निर्णय बहुतेक वेळा संगणकच देतो. या तरुणाच्या अहवालात स्कोअरच्या जागी -१ होते, म्हणजे इतिहासच नाही. खाती शून्य. चौकशीच्या रकान्यात मात्र तीन ताज्या नोंदी.

बँका, वित्त कंपन्या आणि सहकारी बँका यांना सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंना कर्जाची माहिती द्यावी लागते. कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली नोंदलेल्या सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखालच्या बँका नाहीत, आणि तिथे फेडलेले कर्ज सहसा ब्युरोपर्यंत पोचत नाही. भिशीचेही तेच, पाहुण्यांकडून घेतलेल्या हातउसन्याचेही तेच. पिग्मी तर बचत आहे. ती राष्ट्रीयीकृत बँकेत वीस वर्षे भरली तरी कर्जाच्या अहवालात तिला जागा नाही. आपल्या भागात ज्याला सगळे गाव "व्यवहाराला चोख" म्हणते, त्याचा अहवाल कोरा असण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

उलटही घडते. बचत गटामार्फत बँकेकडून किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून घेतलेल्या कर्जाची नोंद होते. निपाणीकडच्या एखाद्या विडी कामगार बाईंच्या नावावर चार वर्षांचा इतिहास असू शकतो आणि त्यांना तो ठाऊकही नसतो. म्हणून इतिहास तयार करण्यासाठी एफडी गहाण ठेवून कार्ड घ्यायला धावण्याआधी अहवाल काढावा. प्रत्येक ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चार ब्युरो म्हणजे दर तिमाहीला एक. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तो दुखावतो बँकेने अर्जावरून केलेल्या चौकशीने, आणि पंधरा दिवसांत तीन चौकशा म्हणजे "हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय" असाच अर्थ लावला जातो.

फेटाळणीला आणखी एक पार्श्वभूमी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांवरच्या येणे रकमेवरचा जोखीम भार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला. विनातारण कार्डासाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागू लागले आणि कोऱ्या अहवालाच्या गिऱ्हाइकाबाबत हात आखडला गेला. एफडी गहाण असली की ही चिंता उरत नाही.

एक हक्क मात्र प्रत्येक फेटाळलेल्या अर्जदाराने वापरावा. कार्डाचा अर्ज नाकारला तर नाकारण्याचे नेमके कारण बँकेने लेखी कळवायचे असते. या तरुणाला तीनही ठिकाणी "अंतर्गत धोरण" एवढेच एसएमएसने आले. त्याने ईमेल करून कारण मागितल्यावर दोघांनी "क्रेडिट इतिहास अपुरा" असे लिहून दिले आणि तिसऱ्याने "पिनकोड सेवाक्षेत्राबाहेर" असे. ही तिसरी गोष्ट समजणे मोलाचे होते. ग्रामीण पिनकोडवर विनातारण कार्ड न देणारी बँक असेल, तर स्कोअर कितीही वाढला तरी तिथे पुन्हा अर्ज करून फक्त एक चौकशी वाढणार.

एफडी किती, कशी आणि कोणाच्या नावावर

सोसायटीत त्याची ५०,००० ची ठेव होती, व्याजही बँकेपेक्षा जास्त. पण सोसायटीच्या ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळत नाही, आणि बँकेतल्या ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही तिथे नाही. त्यातले २५,००० काढून त्याने शहरातल्या एका खासगी बँकेत एफडी केली. एफडीच्या ८० टक्के, म्हणजे २०,००० ची मर्यादा मिळाली. हे प्रमाण बँकेगणिक बदलते, काही बँका १०० टक्क्यांपर्यंतही देतात.

दहा हजारांची एफडी का केली नाही? तेव्हा मर्यादा आली असती ८,०००. स्कोअर चांगला राहावा म्हणून वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा तर महिन्याला २,४०० च खर्चता आले असते, आणि येळ्ळूर ते उद्यमबाग रोजच्या फेऱ्यांचे पेट्रोल नि विजेचे बिल यातच ते संपले असते. हिशेब उलट बाजूने करावा. दरमहा कार्डावर नेमके किती टाकणार ते ठरवा, त्याची साधारण सव्वातीनपट मर्यादा लागेल असे धरा, आणि त्यावरून एफडीचा आकडा काढा. त्याचा कार्डावरचा नियमित खर्च सहा हजारांच्या आत होता, म्हणून २०,००० ची मर्यादा, म्हणून २५,००० ची एफडी.

एफडी त्याच्या एकट्याच्या नावावर केली. आईच्या किंवा दोघांच्या नावाची ठेव बऱ्याच बँका कार्डासाठी घेत नाहीत. नॉमिनी आईला केले. ठेवीवर बँकेचा लिएन बसतो, म्हणजे कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही आणि तिच्यावर दुसरे कर्जही काढता येत नाही. व्याज मात्र चालूच राहते. दर साडेसहा टक्के धरला तर वर्षात सुमारे १,६६५ रुपये. मुदतीत मात्र त्याची गफलत झाली. एक वर्षाची एफडी केली आणि आपोआप नूतनीकरणाचा पर्याय ठेवला. एफडीच्या कार्डावरून बाहेर पडायला सहसा वर्षाहून थोडा जास्त काळ लागतो. १५ ते १८ महिन्यांची मुदत घेतली असती, तर कार्ड बंद करण्याची वेळ आणि एफडी पिकण्याची वेळ जवळजवळ आली असती. पुढे ठेव सोडवायची वेळ आली तेव्हा त्याला ही गफलत नडली.

आता आपल्या भागातली खास डोकेदुखी. आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत, त्यात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन भाग. पॅनवर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. शाळेच्या दाखल्यावरून तयार झालेल्या जुन्या बँक खात्यात आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा. पत्त्यात कुठे बेळगाव, कुठे १ नोव्हेंबर २०१४ नंतरचे बेळगावी. चंदगड किंवा गडहिंग्लजला नोकरी असलेल्यांच्या बाबतीत एक पत्ता महाराष्ट्राचा आणि एक कर्नाटकचा. ब्युरो पॅन, नाव, जन्मतारीख, फोन नंबर आणि पत्ता जुळवून खाते कोणाचे ते ठरवतो. शहराचे जुने-नवे नाव एकट्याने फारसे बिघडवत नाही, पण नावातला फरक, भावाच्या नावावरचे सिमकार्ड आणि दोन राज्यांतले पत्ते असे सगळे एकत्र आले की एकाच माणसाच्या दोन अर्धवट नोंदी तयार होऊ शकतात. पॅनवरचे नाव मूळ धरून आधार आणि बँक खाते त्याच्याशी जुळवून घ्यावे, आणि हे काम एफडी करण्याआधी उरकावे. कार्ड निघाल्यावर नाव दुरुस्त करायला बँक, कार्ड विभाग आणि ब्युरो अशा तिन्हीकडे फिरावे लागते.

पहिले आठ महिने

कार्ड फेब्रुवारीत आले. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघे आणि भरण्याची शेवटची तारीख २५. पगार ७ तारखेला. कागदावर हे छान दिसते, पण २५ तारखेपर्यंत पगार संपत आलेला असतो. त्याने ८ तारखेलाच पूर्ण बिल भरण्याची सवय लावली, ते बरे झाले. ज्यांचा पगार महिनाअखेरीस होतो त्यांनी बँकेकडून बिलाची तारीख बदलून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार निदान एकदा तरी ही मुभा द्यावीच लागते.

कार्डावर टाकले पेट्रोल, हेस्कॉमचे वीजबिल, मोबाइल रिचार्ज. कार्ड रुपेचे असल्याने ते यूपीआयला जोडून किराणाही क्यूआरवर घेता आला. एटीएममधून रोख कधीच काढली नाही. रोख काढल्यावर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज त्याच दिवसापासून लागते आणि वर शुल्क वेगळे. ऑटोपे, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय, लावताना "किमान रक्कम" हा पर्याय टाळून "एकूण देय" निवडला. शाखेत फॉर्म भरताना या दोन चौकटी शेजारीशेजारी असतात आणि घाईत पहिलीवर खूण होते.

स्कोअर दिसायला साधारण सहा महिन्यांची नोंद लागते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्युरोकडे किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे फक्त बिलाच्या तारखेला शिल्लक कमी दाखवण्याची युक्ती आता तितकी खात्रीची राहिलेली नाही. महिनाभरच वापर मर्यादेत ठेवणे बरे, आणि एखादा मोठा खर्च झाला तर बिलाची वाट न पाहता दोन-तीन दिवसांत रक्कम भरून टाकणे बरे.

गाडी घसरली ती ऑगस्टमध्ये. गणेशोत्सवाच्या तोंडावर, १० ऑगस्टला, त्याने १४,००० चा फोन कार्डावर घेतला. वापर एकदम ७० टक्क्यांवर गेला. ५ सप्टेंबरच्या बिलात किमान रक्कम दिसली ७०० रुपये. सणात पैसे संपले होते, म्हणून ऑटोपे थांबवून २५ सप्टेंबरला त्याने ७०० भरले आणि आपण नियमात आहोत असे समजला. बिल चुकले नव्हते, हे खरे. पण हिशेब बघा. सोपे जावे म्हणून फक्त फोनची रक्कम आणि महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरू.

पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. १० ऑगस्ट ते २४ सप्टेंबर हे ४६ दिवस १४,००० वर: ७४१ रुपये. २५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर हे ११ दिवस १३,३०० वर: १६८ रुपये. एकूण ९०९, त्यावर १८ टक्के जीएसटी १६४, मिळून १,०७३. भरले ७०० आणि चढले १,०७३. ५ ऑक्टोबरचे बिल आले १४,३७३ चे, म्हणजे फोनच्या मूळ किमतीपेक्षा जास्त. शिवाय जुनी बाकी आहे तोवर नव्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज. किमान रक्कमही आता ७०० राहिलेली नसते, कारण व्याज आणि कर पूर्ण अधिक मुद्दलाचे ५ टक्के धरले तर ती १,७३८ होते.

८ ऑक्टोबरला पिग्मीत साठलेले पैसे काढून त्याने १४,३७३ पूर्ण भरले. इथेही एक फट राहते, आणि शहाणीसुरती माणसे तिच्यात सापडतात. ६ आणि ७ ऑक्टोबर या दोन दिवसांचे व्याज बिलात आलेलेच नव्हते. ते पुढच्या बिलात आले: करासह ३६ रुपये. "सगळे भरले, तर हे कसले?" म्हणून लोक असे बिल सोडून देतात. रक्कम लहान म्हणून विलंब शुल्क लागले नाही तरी थकबाकी ही थकबाकीच, आणि पुढे नोंद होऊ शकते. मोठी बाकी फेडल्यावर पुढची दोन बिले शून्य होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहावीत. त्याने पाहिली आणि ३६ रुपये भरले.

"एफडी आहे की, बँक कापून घेईल"

ऑक्टोबरमध्ये कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्याला हा सल्ला दिला होता, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थांबायलाच हवे.

एफडी बँकेचे नुकसान भरून काढते. कार्डधारकाची नोंद ती वाचवत नाही. बिल थकले की बँक त्याच दिवशी ठेवीला हात घालत नाही. आधी फोन, एसएमएस, नोटीस, आणि मग काही आठवडे किंवा महिने गेल्यावर ठेव वळती करून घेते. मधल्या काळात ब्युरोकडे किती दिवस थकले त्याचा आकडा जात राहतो. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकले तरच बँकेने "थकीत" म्हणून कळवायचे किंवा विलंब शुल्क लावायचे, पण एकदा ती हद्द ओलांडली की दिवस मोजले जातात ते मूळ देय तारखेपासून. शेवटी ठेवीतून पैसे कापले, कार्ड बंद झाले, बँकेचा रुपयाही बुडाला नाही. अहवालात मात्र ३० किंवा ६० दिवसांची थकबाकी त्या महिन्यासमोर दिसत राहते. ज्या कोऱ्या अहवालासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यावर पहिली नोंद हीच. कोरा अहवाल असलेल्याला बँक पुन्हा एफडीवर कार्ड देऊ शकते. थकबाकीचा डाग असलेल्याला विनातारण कार्ड मिळवायला वर्षे घालवावी लागतात. हे चुकवण्याचा एकच उपाय: एफडीकडे अस्तित्वातच नसल्यासारखे पाहणे आणि बिल खात्यातूनच भरणे.

अर्ज कधी आणि कुठे

आठव्या महिन्यात स्कोअर दिसत होता, पण फोनच्या बाकीमुळे वापर जास्त दिसत होता. त्या वेळी अर्ज केला असता तर बहुधा पुन्हा नकार आला असता. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी तीन बिले मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवून मगच अहवाल काढायचे ठरले, आणि आमच्या मते हा थांबा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय होता.

अहवालात चार गोष्टी पाहिल्या. नाव आणि पॅन बरोबर आहे का. प्रत्येक महिन्यासमोर थकीत दिवस शून्य आहेत का. मर्यादा २०,००० च दिसते का, कारण बँकेने मर्यादेचा रकाना रिकामा पाठवला असेल तर वापराचे गणित विस्कटते. आणि आपले नसलेले एखादे खाते घुसले आहे का. चूक सापडली तर ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट तक्रार करता येते. ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, बँकेने होकार दिल्यावर बदलतो. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद आहे. "पाच हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाकडे जाण्याचे काहीच कारण नाही. चुकीची नोंद फुकट निघते आणि खरी नोंद पैसे देऊनही निघत नाही.

अहवालात या खात्याचा प्रकार "सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड" असा दिसू शकतो, म्हणजे नव्या बँकेला ठेव गहाण असल्याचे कळते. त्यात लपवण्यासारखे काही नाही, पण म्हणूनच उत्पन्नाचा पुरावा भक्कम लागतो.

पहिल्यांदा तो एफडीच्याच बँकेत गेला आणि "हेच कार्ड विनातारण करून द्या" म्हणाला. बऱ्याच बँकांत असे रूपांतर होतच नाही. कार्डाच्या मागे लिएन जोडलेले खाते असते, त्यामुळे नवा अर्ज, नवे कार्ड, नवा नंबर. या बँकेनेही तेच सांगितले, आणि त्याच्या नावावर पूर्वमंजूर ऑफर नसल्याने त्याने अर्ज केला नाही. त्याचे पगाराचे खाते एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते. तिच्या मोबाइल ॲपमध्ये फेब्रुवारीत ४५,००० च्या मर्यादेची ऑफर दिसली. पगार जिथे दर महिन्याला जमा होतो त्या बँकेला उत्पन्न आधीच दिसत असते, म्हणून पहिले दार तेच ठोठवावे. एक अर्ज, एक चौकशी.

पडताळणीत दोन ठिकाणी अडले. मशीन शॉपला लँडलाइन नाही, आणि पडताळणीचा फोन मालकाच्या मोबाइलवर गेला तेव्हा त्यांनी अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. मालकांना किंवा हिशेबनिसांना आधी सांगून ठेवले की हे टळते. घरच्या पत्त्यात फक्त गल्लीचे नाव होते. एकाच नावाची गल्ली शेजारच्या तीन गावांत असते, म्हणून ग्रामपंचायतीचा घर क्रमांक आणि जवळची ठळक खूण पत्त्यात घातली. मग कार्ड नीट घरी आले.

नवे कार्ड ३० दिवसांत सुरू केले नाही तर बँकेने ओटीपीने संमती घ्यावी लागते, आणि संमती न मिळाल्यास कार्ड विनाशुल्क बंद करावे लागते. सुरू करताना विमा, कार्ड संरक्षण योजना अशा जोडसेवांना फोनवर "हो" म्हणू नये. वार्षिक शुल्क किती आणि किती खर्चावर माफ होते ते आधी लेखी घ्यावे. नेमके याच दिवसांत "तुमचे एफडी कार्ड विनातारण करतो, ओटीपी सांगा" असे फोन येतात. बँक असा ओटीपी मागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावे.

जुने कार्ड लगेच बंद करायचे का?

नवे कार्ड हातात येताच ठेव सोडवायची घाई होते. ती करू नये. दोन्ही कार्डे मिळून मर्यादा ६५,००० झाली. महिन्याला ६,००० खर्च धरला तर वापर सव्वानऊ टक्के. जुने बंद केले तर ६,००० भागिले ४५,०००, म्हणजे सव्वातेरा टक्के. हा फरक सोसण्यासारखा आहे. खरा धोका क्रम चुकण्यात आहे. नवे कार्ड सुरू होऊन त्याचे ऑटोपे बसण्याआधीच जुने बंद झाले, तर काही काळ अहवालात सुरू असलेले कार्डाचे खातेच उरत नाही. या प्रकरणात नव्या कार्डाची चार बिले पूर्ण भरून झाल्यावर, जूनमध्ये, जुने बंद करायला घेतले. ज्यांच्या एफडीच्या कार्डाला वार्षिक शुल्क नाही आणि ज्यांना त्या पैशांची निकड नाही, त्यांनी ते राहू द्यावे, महिन्याला एक लहान खर्च टाकावा. वर्षभर न वापरलेले कार्ड बँक नोटीस देऊन बंद करू शकते.

बंद करण्याआधी कार्डावर लागलेले हेस्कॉमचे आणि मोबाइलचे स्वयंचलित भरणे नव्या कार्डावर हलवले. कार्डावर जमलेले बक्षिसाचे पॉइंट वापरून टाकले. एक पूर्ण बिल शून्याचे येऊ दिले. मग ॲपमधून आणि ईमेलने अशा दोन्ही मार्गांनी विनंती दिली. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते, नाहीतर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. कार्ड पाच दिवसांत बंद झाले आणि तसे पत्र आले.

लिएन मात्र उठला नाही. कार्ड विभाग वेगळा, ठेवींचा वेगळा, आणि एकाने बंद केल्याचे दुसऱ्याला आपोआप कळेलच असे नाही. बंद झाल्याचे पत्र जोडून शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि नेटबँकिंगमध्ये एफडीसमोरची लिएनची रक्कम शून्य दिसेपर्यंत पाठपुरावा केला. ठेव फेब्रुवारीत आपोआप पुन्हा वर्षासाठी गुंतली होती. मोडली तर दर चार महिन्यांचाच लागणार आणि वर अर्धा ते एक टक्का दंड. घरात निकड नव्हती, म्हणून ती पिकेपर्यंत ठेवली आणि पुढचे नूतनीकरण बंद केले.

पगारपत्रक नसलेल्यांचा, म्हणजे वडगाव-शहापूरच्या यंत्रमागवाल्यांचा किंवा घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांचा मार्ग थोडा लांब आहे. दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि चालू खात्याची उलाढाल लागते, आणि एफडीचे कार्ड वर्षभराऐवजी दीड-दोन वर्षे ठेवावे लागते. मधल्या काळात धंद्याचे पैसे रोखीने न घेता खात्यातून फिरवले तर बँकेला दाखवायला काहीतरी हाती असते.

ऑगस्टमध्ये पुन्हा अहवाल काढला. जुन्या खात्यासमोर "बंद", शिल्लक शून्य आणि बंद झाल्याची तारीख असे तिन्ही दिसले. यातले एक जरी नसेल तर बंद झाल्याच्या पत्राची प्रत जोडून बँकेकडे तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रारीला अर्जाची पोच, ईमेल आणि एफडीची पावती जोडावी. शाखेत तोंडी झालेले बोलणे तिथे पुरावा ठरत नाही.